विमानाचं खरं वय कुठे लिहिलेलं असतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता लेक्चरला बसलेत आणि कानात हेडफोन घालू शकत नाहीत, त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लेखी आवृत्ती. बोलताना केलेली बडबड थोडी छाटली आहे, बाकी सगळं तेच आहे.

सुरुवात एका फोनपासून. माझी मावसबहीण बारावी सायन्स झाली आणि पायलट व्हायचं म्हणून एका फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झाली. पहिल्या आठवड्यात तिने घरी फोटो पाठवला: ती, मागे एक छोटं विमान आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. मावशीने फोटो मोठा करून बघितला, विमानाची चौकशी केली आणि रात्री साडेदहाला मला फोन लावला.

"तू इंजिनिअर आहेस ना? मग मला सांग, हे विमान १९८० सालचं आहे म्हणे. आपल्या गल्लीतली रिक्षासुद्धा एवढी जुनी नाही. पोरीला त्यात बसवू का?"

(इथे मी मावशीची नक्कल केली होती. ती लिहून येणार नाही, ऑडिओ ऐका.)

मी सॉफ्टवेअरवाला. विमानातलं मला तेव्हा एवढंच कळत होतं की खिडकीची सीट आधी बुक करायची. पण प्रश्न रास्त होता आणि "काळजी करू नकोस" हे काही उत्तर नव्हे. म्हणून वाचायला बसलो. मॅन्युअल्स, अपघातांचे चौकशी अहवाल, जुन्या विमानांचा इतिहास. आजचा एपिसोड म्हणजे मावशीला दिलेलं उत्तर, जरा सविस्तर.

एवढी जुनी विमानं उडतातच कशी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. छोट्या विमानांच्या जगात चाळीस वर्षं म्हणजे नवल नाही, तो रोजचा मामला आहे.

सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं विमान. १९५६ पासून आजवर ४४ हजारांच्या वर. पण मधे एक मोठी गॅप आहे. अमेरिकेत छोट्या विमानांच्या कंपन्यांवर इतके खटले व्हायला लागले की १९८६ मध्ये सेसनाने हे मॉडेल बनवणंच बंद केलं. १९९४ मध्ये तिथे कायदा झाला की छोटं विमान १८ वर्षांपेक्षा जुनं झालं की निर्मात्यावर सहसा दावा लावता येणार नाही. त्यानंतर १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं. त्याचं धाकटं भावंड, दोन सीटचं सेसना १५२, मात्र परत आलंच नाही. ते १९७७ ते १९८५ एवढंच बनलं. म्हणजे आज जगात कुठेही १५२ दिसलं, तर ते चाळिशीत आहे. नव्या मालाची सोयच नाही, त्यामुळे जुनं नीट सांभाळायचं हाच मार्ग.

आणि आपल्या मुंबईतलंच एक उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. ते विमान होतं पस मॉथ. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुढची कमी लोकांना माहीत असते. बरोबर ५० वर्षांनी, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई तोच प्रवास पुन्हा केला. या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ, पस मॉथनंतरचं मॉडेल. त्याचं पहिलं उड्डाण १९३३ चं, आणि सगळी मिळून फक्त १३३ बनली. लाकडी सांगाडा, वर प्लायवूड आणि कापड, पुढे १३० हॉर्सपॉवरचं इंजिन. पायलट ज्येष्ठ नागरिक, विमान पन्नाशीच्या घरात, आणि दोघंही सुखरूप उतरले.

हे नशिबावर झालं नाही. कोणीतरी ते लाकूड, तो डिंक, ते कापड वर्षानुवर्षं तपासलं होतं.

तीन वयं

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. विमानाला एक वय नसतं, तीन असतात.

पहिलं कॅलेंडरचं. मावशीने मोजलं ते.

दुसरं तासांचं. विमान हवेत किती तास होतं, किती वेळा उतरलं. ॲल्युमिनियमचा एक स्वभाव आहे. त्याला वारंवार ताण दिला, अगदी थोडा थोडा का होईना, तर तो कधीतरी चिरतोच. स्टीलला एका मर्यादेखालचा ताण जवळपास कायम सोसतो, ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. कोल्ड्रिंकच्या कॅनची चावी पुढेमागे हलवत राहा, तुटते ना? तेच.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या डेटोना बीचजवळ एका ट्रेनिंग विमानाचा, पायपर ॲरोचा, पंख उड्डाणानंतर लगेच निखळला. दोघं गेले. चौकशीत पंखाच्या मुख्य कण्यात, ज्याला स्पार म्हणतात, ताणाने पडलेली भेग सापडली. आता ऐका: ते विमान २००७ सालचं होतं. म्हणजे जेमतेम ११ वर्षांचं. पण ट्रेनिंगमध्ये ते साडेसात हजारांहून जास्त तास उडालेलं, आणि नवशिक्यांचे धक्के खात हजारो वेळा उतरलेलं. त्यानंतर त्या जातीच्या विमानांचे स्पार विद्युतप्रवाहाच्या तंत्राने तपासायचा आदेश निघाला, कारण अशी भेग डोळ्यांना दिसत नाही.

मावशीच्या हिशोबाने ते विमान "नवीन" होतं.

तिसरं वय सगळ्यात फसवं, उभं राहण्याचं. लॉकडाउनमध्ये आपण सगळ्यांनी काय केलं? रोज खाली जाऊन गाडी पाच मिनिटं सुरू करून ठेवली. विमानाच्या इंजिनाला हे चालत नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती तेलात मिसळते. तेल पुरेसं तापलं तरच ती उडून जाते, आणि तेवढं तापायला विमान खरोखर उडवावं लागतं. नुसतं जमिनीवर घुरघुर करून बंद केलं तर ओल आत राहते. लायकमिंग कंपनीच्या बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन बरेच दिवस बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल ओघळून खाली जातं आणि उघड्या धातूवर गंज धरतो. पुढे सुरू केल्यावर तो गंज सँडपेपरसारखं काम करतो. कंपनी अशा अनेक इंजिनांचं ओव्हरहॉल २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी सांगते, जे आधी येईल ते. हे "१२ वर्षं" त्या तिसऱ्या वयासाठी आहे.

म्हणून खासगी मालकाचं, वर्षाला वीस तास उडणारं, कव्हर घालून जपलेलं चकचकीत विमान हे रोज राबणाऱ्या विमानापेक्षा आजारी असू शकतं. त्यातून आपला पावसाळा आणि जुहूसारखी खारी हवा असेल तर विचारूच नका. लाकडी विमानांचं तर आणखी नाजूक. त्या काळी दुधातल्या प्रथिनापासून केलेला केसीन डिंक वापरत. ओल लागली की त्याला बुरशी धरायची आणि सांधे सुटायचे, वरून रंग मात्र छान.

हँगरमध्ये नक्की काय करतात?

साधारण ५० तासांनी तेल आणि फिल्टर बदलतात. पण जुना फिल्टर फेकत नाहीत. तो कापून उघडतात, आतला कागद पसरून त्यात धातूचा चुरा चमकतो का ते बघतात. चुंबकाला चिकटला तर लोखंडी भाग झिजतोय, नाही चिकटला तर दुसरं काहीतरी. डॉक्टर रिपोर्ट बघतो ना, तसं.

१०० तासांनी मोठी तपासणी. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठरलेल्या दाबाने हवा भरून किती गळते ते मोजतात. ८० पैकी ७४ आलं तर छान. पण खरी मजा एका आकड्यात नसते. मागच्या वेळी ७६, त्याआधी ७८ असेल, तर सिलिंडर हळूहळू काहीतरी सांगतोय. आमच्याकडे सर्व्हरचा मेमरी ग्राफ बघतात तसंच: आज किती आहे त्यापेक्षा रेषा कुठे चालली आहे ते महत्त्वाचं.

प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, आणि ते दोन स्वतंत्र मॅग्नेटोंवर चालतात. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. विमानाची सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहतं. तंत्र शंभर वर्षं जुनं आहे, पण डोकं बघा!

आणि मग एडी, म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. एखाद्या मॉडेलमध्ये दोष सापडला की सरकारी नियामक आदेश काढतो: अमुक भाग अमुक तासांनी तपासा, नाहीतर उडायचं नाही. आमच्या भाषेत सिक्युरिटी पॅच, फक्त यात "रिमाइंड मी लेटर" हे बटण नाही.

माझा आवडता म्हणजे सेसनाच्या सीटचा एडी. पायलटची सीट रुळावर मागेपुढे सरकते आणि खिळ भोकात बसून अडकते. वर्षानुवर्षं वापरून भोकं झिजतात. टेक-ऑफच्या वेळी विमानाने नाक वर केलं की सीट सटकन मागे. पायलटने धरायला जवळ काय असतं? हातातलं कंट्रोल. तो त्याला धरून मागे जातो, म्हणजे नाक आणखी वर, आणि विमान हवेत स्टॉल होतं. एका झिजलेल्या भोकामुळे! १९८७ पासून त्याची तपासणी सक्तीची आहे, २०११ मध्ये आदेश सुधारला. इंजिन शाबूत, पंख शाबूत, आणि जीव जातो तो खुर्चीमुळे.

जेआरडींचं १९३२ चं पस मॉथसुद्धा याच वाटेने गेलेलं मॉडेल. त्या जातीच्या काही विमानांचे पंख सुरुवातीच्या वर्षांत हवेतच तुटले, चौकशी झाली आणि पंखांची बांधणी बदलावी लागली. जुनं मॉडेल असण्याचा फायदा हाच की त्याच्या चुका माहीत झालेल्या असतात. पण त्या दुरुस्तीचा आदेश तुमच्या विमानावर पाळला गेला असेल तरच तो फायदा.

पाळला गेला की नाही, हे कसं कळणार?

लॉगबुक

इथे माझी एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका जुन्या सिस्टीमवर काम करत होतो. रात्री एकला एक छोटासा बदल केला, एकच ओळ. कोणाला दाखवला नाही, नोंद केली नाही, म्हटलं सकाळी लिहू. सकाळी पेमेंट बंद. माझ्या टीमने पाच तास शोधलं की काय बदललं, कारण कागदोपत्री काहीच बदललं नव्हतं. मी तेव्हा झोपलो होतो, फोन सायलेंटवर. कोणी मेलं नाही. फक्त मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

विमानाच्या जगात हे करता येत नाही. विमानाच्या सांगाड्याचं एक लॉगबुक, इंजिनाचं वेगळं, प्रोपेलरचं वेगळं. काय तपासलं, काय काढलं, कोणता भाग घातला, त्याचं प्रमाणपत्र कुठलं, तारीख, तास. आणि खाली सही. ती सही एएमईची, म्हणजे परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी आपल्याकडे डीजीसीए बी १.२ वर्गाचा परवाना देतं. सही म्हणजे "हे विमान उडवायला योग्य आहे असं मी म्हणतो." त्याच्याखाली कंपनी नाही, टीम नाही, एका माणसाचं नाव असतं. शिवाय विमान उडण्यायोग्य आहे का याचा आढावा दरवर्षी होतो आणि त्याचं प्रमाणपत्र नवं घ्यावं लागतं.

खासगी मालकाने एक लक्षात ठेवायचं: विमान उडण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी शेवटी मालकाची. "मी मेकॅनिककडे दिलं होतं" हे स्कूटरच्या बाबतीत चालतं.

म्हणून जुनं विमान विकत घेताना अनुभवी माणूस आधी विमान बघत नाही, कागद बघतो. लॉगबुकातली काही वर्षं गायब असतील तर किंमत धाडकन पडते. कारण रंगाखाली काय आहे, स्पार कधी बघितला, कोणता एडी राहिला, हे आता कोणालाच सांगता येत नाही. विमान तेच, धातू तोच, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला आधार उरला नाही.

अपग्रेड: आधी काय?

आता तुमच्यातल्या गॅजेटवाल्यांसाठी. जुन्या विमानात काय नवीन घालता येतं? बरंच. पण मनात आलं आणि बसवलं असं नाही. मूळ डिझाइन मंजूर झालेलं असतं, त्यामुळे मोठ्या बदलालाही वेगळी मंजुरी लागते. तिला एसटीसी म्हणतात. एखादी कंपनी सगळ्या चाचण्या करून "या मॉडेलमध्ये हा भाग बसतो" हे सिद्ध करते, आणि मग मालक तो बसवून घेतो.

माझ्या मते क्रम असा.

पहिला, तुम्हाला शोधून काढणारं यंत्र. अपघात झाला की आपोआप सिग्नल देणारा ईएलटी. जुने ईएलटी १२१.५ मेगाहर्ट्झवर चालायचे. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी तो सिग्नल ऐकणं बंद केलं. म्हणजे जुना डबा आजही ओरडेल, पण वरून ऐकणारं कोणी नाही. नवे ४०६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि हे कोणतं विमान आहे तेही सांगतात. भारतात हे सिग्नल इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात येतात.

दुसरं, व्हॅक्यूम पंप. ढगात शिरल्यावर विमान सरळ आहे की कललंय हे दाखवणारी जुनी उपकरणं हवेच्या ओढीने फिरणाऱ्या भोवऱ्यावर चालतात. ती ओढ देणारा पंप कधीकधी काही न सांगता बंद पडतो, आणि मग भोवरा हळूहळू मंदावत खोटं दाखवायला लागतो. एकदम बंद पडलेलं उपकरण परवडलं, सावकाश खोटं बोलणारं नाही. २०१६ पासून गार्मिनचं जी ५ सारखं छोटं इलेक्ट्रॉनिक उपकरण एसटीसीवर जुन्या विमानांत बसवता येतं. त्याला स्वतःची बॅटरी असते.

तिसरं, इंधन. ही इंजिनं ॲव्हगॅस १०० एलएल पितात, निळ्या रंगाचं, शिसं असलेलं पेट्रोल. आपण ते आयात करायचो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात केली. आपल्या चिकलठाण्याला येणारी मोठी विमानं मात्र एटीएफवर चालतात, म्हणजे केरोसीनचाच भाऊ. सेसना १७२ मध्ये एटीएफवर चालणारं डिझेल इंजिन बसवायचीही एसटीसी आहे. खर्च मात्र जबर, कधीकधी विमानाच्या किमतीच्या बरोबरीने.

आणि मोठा टचस्क्रीन? शेवटी. कारण प्रत्येक नवा डबा म्हणजे वजन, आणि ते कुठे बसलं याला फार महत्त्व आहे. स्कूटरच्या मागे भरलेलं सिलिंडर बांधून क्रांती चौकाच्या फ्लायओव्हरवर चढलेल्यांना कळेल, हँडल कसं हलकं होतं! विमानात तसं झालं तर खाली उतरून ढकलता येत नाही. म्हणून असा बदल केला की वजनाचा आणि तोलाचा हिशोब नव्याने मांडतात आणि तोही कागदांत जातो.

एक गंमत बघा. झिजलेला सीटचा रूळ बदलला तर इन्स्टावर टाकण्यासारखं काही होत नाही. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी रूळ.

मग मावशीला काय सांगितलं?

मी सांगितलं, साल विचारू नकोस. तिला म्हणावं, चार गोष्टी विचारून ये. विमान एकूण किती तास उडालंय? इंजिनाचं ओव्हरहॉल होऊन किती तास आणि किती वर्षं झाली? मागची तपासणी कधी झाली आणि कोणाची सही आहे? आणि मागच्या पायलटने लिहिलेली तक्रार दुरुस्त झाल्याची नोंद आहे का?

धाकटीला आधी लाजच वाटली. नवीन पोरगी, एवढ्या मोठ्या माणसांना कागद कसे मागणार? तरी तिने विचारलं. तिथल्या एएमई काकांनी तिला हँगरमध्ये टेबलाशी बसवलं, लॉगबुक उघडली आणि अर्धा तास एकेक पान दाखवलं. शेवटी म्हणाले, "रोज विचारत जा. ज्या दिवशी मला राग येईल, त्या दिवशी उडू नकोस."

मावशीला हे वाक्य विमानाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त पटलं. मलाही.

मी त्या दिवसापासून एकच केलंय. कितीही रात्र होवो, एका ओळीचा बदल असला तरी खाली नाव घालून नोंद केल्याशिवाय लॅपटॉप मिटत नाही.

पुढच्या एपिसोडसाठी प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, तुमच्या घरात कोणी एएमई असेल तर त्यांना हा एपिसोड ऐकवा. माझी चूक सापडली तर कळवा, दुरुस्त करून खाली तारखेसकट नोंद करेन. चला, भेटू!